अकरा सेकंद

बॅटरी काखेत धरायची, सोल्वेग,
हे मी तुला शिकवलं.
उणे अठ्ठावीसमध्ये आधी कॅमेरा मरतो, मग बातमीदार.
तू हसलीस आणि दोन बॅटऱ्या
स्वेटरखाली सरकवल्यास,
खुडूक कोंबडीसारखी गुमान उभी राहिलीस
नॉर्थ डकोटाच्या त्या वाऱ्यात.

चौदा वर्षं मी तुला एका डोळ्यानं पाहिलं.
दुसरा मिटलेला असायचा.
पुराच्या पाण्यात, तेलविहिरींवर,
साखरबीटाच्या गोठलेल्या ढिगापाशी.
तुझी डावी भुवई मला तोंडपाठ होती.
ती उचलली की समोरचा माणूस खरं बोलू लागायचा,
निदान खोटं तरी त्याला नीट जमायचं नाही.

आता तू गव्हर्नरांची बायको.
"मला नाव आहे," म्हणतेस. आहेच की.
पण पडद्याच्या तळाच्या पट्टीत
मावतात तेवढीच अक्षरं जातात.

ग्रंथालयांच्या फिती. रक्तदान. भोपळ्यांच्या स्पर्धा.
निवासाच्या स्वयंपाकघरात लेफ्से लाटून दाखवणं,
बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या, तुझ्या आजीच्या लाटण्यानं.
मनापासून करतेस सगळं.
मी पाहतो ना, भिंगातून लपत नाही.
फक्त भुवई जागची हलत नाही.

मग हार्विक.
फेब्रुवारी, पहिलीच्या मुलांना गोष्ट वाचायला आलीस,
कुठल्याशा अस्वलाची, ज्याला झोप येत नाही.
शाळेसमोर वृद्धाश्रम, खिडक्यांना प्लायवूड.
डिसेंबरात तुझ्या नवऱ्यानं
त्याच्या अनुदानावर एक रेघ ओढली होती.
एकोणतीस म्हातारे नव्वद मैलांवर गेले.
त्यातली इंगा ब्रेके वाटेतच
असो. ते बातमीत नव्हतं.

तुझी पहिली मोठी बातमी याच इमारतीतली.
तेव्हाच्या गव्हर्नरांना तू विचारलं होतंस,
"या खोलीत तुमची आई असती तर?"

ऑब्री तेवीस वर्षांची.
माइक असा धरते, जणू आइस्क्रीम वितळतंय.
शाळेच्या पायरीवर तिनं तुला गाठलं
आणि तेच विचारलं. शब्द न् शब्द.

तू तिच्याकडे पाहिलंच नाहीस.
तिच्या खांद्यावरून भिंगात पाहिलंस,
भिंगातून आत,
माझ्या मिटलेल्या डोळ्यापर्यंत.
तळघरातून ती जुनी टेप कुणी शोधून दिली
हे विचारायची गरज पडली नाही तुला.

झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती.
दोन. तीन.
पाचव्या सेकंदाला तुझा मदतनीस पुढे सरकला,
तू हातानंच थोपवलंस.
आत कुणीतरी मूल अजून अस्वलासारखं गुरगुरत होतं.
आठव्याला भुवई उचलली.
कुणासाठी, ते मला अजून उमगलेलं नाही.
अकराव्याला म्हणालीस, "प्रश्न बरोबर आहे."
आणि निघालीस.

संध्याकाळी संकलकानं अकराचा एक केला.
"गव्हर्नर-पत्नीनं प्रश्नाचं स्वागत केलं,"
निवेदकानं वाचलं आणि तो हवामानाकडे वळला.
अख्खं चित्रण माझ्या खणात आहे.
कुणाला दाखवणार नाही.
दाखवीनही.

पण गाडीपाशी तू थांबली होतीस.
मला वाटलं, आता ऐकावं लागणार:
खाल्लेलं मीठ, चौदा वर्षं,
माझ्या मुलीच्या आजारपणात दवाखान्यात काढलेल्या तुझ्या रात्री.
मी कॅमेरा खांद्यावरून उतरवला,
दोन्ही डोळे उघडे ठेवून उभा राहिलो.
तू जवळ आलीस. श्वासाची वाफ.

"डेल, फोकस होता?"

"होता."

"बरं."
मग हातमोजा चढवत, ऑब्रीकडे हनुवटी करून,
"त्या मुलीला सांग,
बॅटरी बर्फावर ठेवलीय तिनं.
काखेत धरायची."